दोन सीटची हौस, पाच सीटची गरज

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात एक लाल मोटार आहे. नाव सिसितालिया २०२. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या तुरिन शहरात ती आकाराला आली. पत्र्याला रूप दिलं ते पिनिनफारिनाच्या कारागिरांनी. दारं दोन, माणसंही दोनच. १९५१ साली या संग्रहालयाने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात हे मॉडेल होतं. १९७२ मध्ये ते कायमच्या संग्रहात दाखल झालं. चित्रं आणि शिल्पं यांच्या शेजारी मोटार ठेवणं ही त्या काळी धिटाईचीच गोष्ट होती.

या शिल्पाचं बॉनेट उघडलं तर आत चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन दिसतं. हा आकडा मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना आणि महाराष्ट्रभरच्या फियाट मिस्त्रींना पाठ आहे, कारण प्रीमियर पद्मिनीचं इंजिनही १०८९ सीसीचंच. हा योगायोग नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर, ही मापंसुद्धा तीच. फियाटने १९३७ साली आपल्या ११०० गाडीसाठी बनवलेल्या इंजिनाची एक पाती संग्रहालयात पोहोचली आणि दुसरी कुर्ल्याच्या कारखान्यातून दादर स्टेशनबाहेरच्या रांगेत.

जुनी स्पोर्ट्स कार आणि नवी कौटुंबिक सेडान यांची तुलना निघाली की आपण त्यांना दोन वेगळ्या जाती समजून बोलायला लागतो. एक राजाची, एक रयतेची. एक वेगाची, एक सोयीची. १०८९ या आकड्याने त्या समजुतीला तडा जातो. हा लेख त्या तड्यातून आत शिरतो. तुलनेचं मैदान मुंबई-पुण्याचं नाही, नंदुरबार जिल्ह्याचं आहे. तापीचा सपाट पट्टा, गजबजलेले बाजार आणि सातपुड्याचे घाट एकाच दिवसात पाहायला मिळतात असे जिल्हे थोडे. गाडीची परीक्षा घ्यायची तर अशाच ठिकाणी घ्यावी.

एकाच टेबलावरची दोन चित्रं

सिसितालियाची कथा पिएरो दुसिओ या तुरिनच्या उद्योजकापासून सुरू होते. त्याला शर्यतीच्या गाड्या बनवायच्या होत्या, पण युद्धाने पोळलेल्या इटलीत नवं इंजिन घडवायला पैसा नव्हता आणि धातूही नव्हता. त्याने फियाटचा अभियंता दांते जाकोसा याला गाठलं. जाकोसाने बाजारात मिळणारे फियाट ११०० चे भाग घेऊन शर्यतीच्या गाडीची आखणी केली. पुढे जोव्हान्नी साव्होनुझ्झीने ते काम हाती घेतलं. इंजिन साध्या घरगुती गाडीचंच होतं. त्याला थोडं चेतवलं आणि गाडीचं वजन उतरवलं. अंग असं घडवलं की वारा अडणार नाही. ५० ते ५५ अश्वशक्तीच्या जोरावर ही गाडी ताशी १६० किलोमीटरच्या आसपास धावायची. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी हा पन्नाशी उलटलेला चालक सिसितालिया घेऊन उतरला आणि कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून दुसरा आला.

हाच जाकोसा पुढे १९५३ च्या फियाट ११००-१०३ चा प्रमुख अभियंता होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात ही गाडी जुळवायला सुरुवात केली. गोल, फुगीर अंगामुळे मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. १९६४ पासून ११०० डी आली, मग ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. चाळिशीच्या आसपासची अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला हँडल गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. बाक सलग असल्याने पुढे तिसरं माणूस सहज मावायचं, आणि आपल्याकडे मावतं म्हटलं की बसतंच.

इंग्लंडच्या गाड्यांतही हेच दिसतं. १९५५ साली आलेली एमजीए ही आज जगभर जपली जाणारी स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन बीएमसी कंपनीच्या बी मालिकेतलं, १४८९ सीसीचं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये १९५९ नंतर जे १४८९ सीसीचं इंजिन बसलं ते याच मालिकेतलं. एमजीएत त्याला दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन देऊन ७० च्या आसपास अश्वशक्ती काढली. ॲम्बेसेडरमध्ये तेच इंजिन पन्नाशीच्या घरात ठेवलं, कारण तिला मंत्र्यासोबत त्याचा स्वीय सहायक, दोन अंगरक्षक आणि डिकीतल्या फायली ओढायच्या होत्या. कलेक्टरच्या पांढऱ्या गाडीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी एमजीएचा सख्खा नसला तरी चुलत आवाज ऐकला आहे.

महाराष्ट्रातही असा एक प्रयोग झाला. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने १.८ एस नावाची दोन सीटची रोडस्टर बनवली. रूप लोटस सेव्हन या १९५७ च्या इंग्लिश गाडीच्या वळणाचं, चाकं अंगाबाहेर, छप्पर असून नसल्यासारखं. आतलं इंजिन मात्र इसुझूचं १.८ लिटरचं, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा ज्यावर चालायची ते. कॉन्टेसात सिनेमातले खलनायक आणि खऱ्या आयुष्यातले साखरसम्राट मागच्या सीटवर रेलून बसत. त्याच इंजिनाने अलिबागच्या गाडीत दोनच माणसांना वाऱ्यावर सोडलं. गोव्यातल्या सॅन मोटर्सच्या सॅन स्टॉर्म या उघड्या टपाच्या गाडीत रेनोचं १.२ लिटरच्या आतलं, ६० अश्वशक्तीचं छोटं इंजिन होतं. युरोपात तेच इंजिन घरगुती छोट्या गाड्यांना पुरत होतं.

मग स्पोर्ट्स कार वेगळी ठरते कशाने? वजन, उंची, सीटची संख्या आणि कुणासाठी बनवली याने. इंजिन बहुतेक वेळा घरचंच असतं.

आकड्यांच्या आखाड्यात

एका बाजूला १९५५ ची एमजीए, दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली चौथ्या पिढीची मारुती सुझुकी डिझायर. ही जोडी मुद्दाम निवडली. एमजीए ही जुन्या स्पोर्ट्स कारची नमुनेदार प्रत, आणि खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत डिझायर नाही असं सहसा होत नाही.

एमजीए १४८९ सीसी, सुरुवातीला ६८ आणि लवकरच ७२ अश्वशक्ती. डिझायर ११९७ सीसी, सिलिंडर चारऐवजी तीन, अश्वशक्ती ८२ च्या जवळ. म्हणजे इंजिन पाचव्या हिश्शाने लहान आणि ताकद जास्त. एमजीएला उभ्या जागेवरून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला १५ सेकंदांच्या आसपास लागायचे. आजच्या डिझायरला त्याहून कमी लागतात, तेही एसी, पॉवर स्टिअरिंग आणि सहा एअरबॅगांचं ओझं वाहून. पेट्रोलचं तर बोलायलाच नको. डिझायरचा कंपनीने जाहीर केलेला ॲव्हरेज मॅन्युअल गिअरला लिटरमागे २४.७९ किलोमीटर आहे. रस्त्यावर तो कमी पडतो हे प्रत्येक मालक जाणतो, तरी एमजीए त्या आकड्याच्या आसपासही नाही.

ब्रेक आणि सुरक्षितता पाहिली तर तुलना अन्यायाची होते. सुरुवातीच्या एमजीएला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, पुढे डिस्क आले ते १९५९ मध्ये. धातूचा डॅशबोर्ड, चालकाच्या छातीसमोर ताठ स्टिअरिंगचा दांडा, टप कापडाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत डिझायरने प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळवले, मारुतीच्या इतिहासात पहिल्यांदाच. बापाने मुलांना घेऊन रात्री धुळ्याहून परतायचं असेल तर निवड कोणती, यावर चर्चा नको.

आकड्यांत नवी गाडी सरळ जिंकते. पण या दोन्ही गाड्यांवर अभियंत्याइतकाच एका अदृश्य हाताचाही ठसा आहे. तो कर वसूल करणाऱ्याचा हात.

जुन्या इंग्लंडमध्ये गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरायचा. स्ट्रोक कितीही लांब असला तरी त्याला कर नव्हता. म्हणून इंग्लिश अभियंत्यांनी अरुंद आणि उंच सिलिंडर बनवले. एमजीएची आधीची बहीण एमजी टीसी पाहा. व्यास ६६.५ मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. युद्धानंतर तो कर गेला, पण इंजिनांची ती लांबुडकी सवय बराच काळ टिकली.

आता डिझायरकडे या. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क घटवलं गेलं. २००८ ची पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती. पुढची पिढी आली ती शेपूट आखडून. मागून पाहिल्यावर डिकी मध्येच कापल्यासारखी वाटते तिचं कारण हे. इंजिन १,१९७ सीसीचं का, १,२५० चं का नाही, याचंही उत्तर त्याच कागदात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही छोट्या गाडीची व्याख्या तीच राहिली आणि तिच्यावरचा कर १८ टक्क्यांवर आला. एमजी आणि डिझायर यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर आहे, पण करवाल्याच्या टेपने दोघींचं माप घेतलं आहे.

रस्ता काय म्हणतो

कागद बाजूला ठेवून रस्त्यावर उतरू. सुरुवात नवापूरहून. इथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. सीमेच्या पलीकडे पेट्रोल स्वस्त, त्यामुळे इथल्या मालकाला टाकी कुठे भरायची ते सांगावं लागत नाही. सुरत-धुळे महामार्ग विसरवाडी ओलांडून कोंडाईबारी घाटाकडे चढतो. अवजड ट्रकांची रांग, हळू चढ, अचानक लागणारे ब्रेक. इथे जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे शिक्षा. चालकाची नजर ट्रकच्या ॲक्सलच्या पातळीवर, धूर सरळ तोंडावर आणि मागच्या कंटेनरवाल्याला आपण दिसतो की नाही याची धाकधूक. सेडानच्या बंद काचांत हे सगळं निम्म्यावर येतं.

विसरवाडीहून नंदुरबारकडे वळलं की बाजाराचं जग लागतं. नंदुरबार मिरचीसाठी प्रसिद्ध. हंगामात शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की ठसका रस्त्यापर्यंत येतो. टप उघडा असेल तर चालकाची काय गत होईल ते सांगायला नको. गतिरोधक इथे नियमाने नाही, गरजेने बनतात. डिझायरचं ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे, तरी पाच माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं असेल तर तिचंही पोट घासतं. वळायला लागणारी जागा मात्र कमी, त्यामुळे गल्लीत ती सुटते.

उन्हाळा हा तिसरा परीक्षक. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. जुन्या गाड्यांत उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव उरत नाही. गाडी भर रस्त्यात बंद. पद्मिनीवाले गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचे, रेडिएटर उकळला की बाटलीतलं पाणी ओतून पंधरा मिनिटं सावली शोधायचे. नव्या गाडीत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, इंधन दाबाने पुढे येतं आणि किती द्यायचं ते संगणक ठरवतो. चालकाला उन्हाळ्याची खबर फक्त डॅशबोर्डवरच्या आकड्यातून कळते.

प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम. दक्षिण काशी म्हणून इथे भाविकांची रीघ असते. पूल ओलांडून शहाद्याच्या हद्दीत शिरलं की ऊस, केळी, कापूस आणि पपईचे मळे सुरू होतात. रस्ता लांब आणि सरळ. पुरुषोत्तमनगरच्या सहकारी साखर कारखान्याने या पट्ट्याच्या हाती पैसा खेळवला. शेतकऱ्याच्या ओट्यावर चारचाकी आली, त्यात अशा कारखान्यांच्या बिलांचा वाटा आहे. पण उसाचं एक देणं जुन्या गाडीच्या जिवावर उठलं आहे. देशभर पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं आणि त्याचा काही भाग उसाच्या मळीतून, रसातून येतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबरी होज, पंपाचे पडदे आणि कार्बोरेटरच्या सीट इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल त्यांना हळूहळू कुरतडतं आणि टाकीत पाणी ओढून गंजही आणतं. ज्या उसाने शहाद्याच्या दारात सेडान उभी केली, तोच ऊस एमजीएच्या नळ्या खातो.

आणि मग म्हसावद, राणीपूर ओलांडून तोरणमाळचा रस्ता सुरू होतो. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचं पठार, वर यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथांचं मंदिर. महाशिवरात्रीला पायी येणाऱ्या भाविकांनी हा रस्ता भरून जातो. सातपायरीची वळणं एकावर एक चढत जातात.

इथे पहिल्यांदा तराजू हलतो. पाच माणसं, एसी आणि सामान घेतलेली १.२ लिटरची सेडान चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम खाते. कुणीतरी म्हणतं, ‘एसी बंद करा’. स्टिअरिंग हलकं असतं, पण पुढच्या चाकाखाली खडी आहे की डांबर, हे हाताला कळत नाही. एमजीएसारख्या गाडीत स्टिअरिंग जड असतं आणि चाकाखालचा प्रत्येक खडा तळहाताला सांगतं. वजन ९०० किलोच्या आसपास, माणसं दोनच, आणि गुरुत्वमध्य इतका खाली की वळणावर गाडी फारशी कलत नाही. योग्य वळणाआधी योग्य गिअर पडला तर इंजिनाचा सूर तुटत नाही. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर ड्रम तापतात, वास सुटतो आणि पकड सुटते. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरावं लागतं. प्रत्येक वळणावर चालकाला काहीतरी करावंच लागतं. सेडान घाट पार करून देते. स्पोर्ट्स कार घाट पार करायला लावते.

हाच या तुलनेतला खरा फरक. ताकद, वेग, रूप हे सगळं दुय्यम. नव्या गाडीने चालकाच्या डोक्यावरचं ओझं एकेक करून उतरवलं आहे. चोक नाही, डबल क्लच नाही, पॉइंट साफ करणं नाही, ब्रेक लॉक होण्याची भीती नाही. जुनी स्पोर्ट्स कार ते ओझं आनंदाने उचलायला सांगते. आणि ज्याला घरी वेळेवर पोहोचायचं नाही त्यालाच तो आनंद परवडतो.

झोळी आणि घोडा

इथे एक जण हटकून आडवा येतो, आणि त्याचं बरोबर असतं. तोरणमाळच्या पलीकडे अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही असे पाडे आहेत, जिथून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या गावांना बोट-ॲम्ब्युलन्सचा आधार आहे. तळोदा ते धडगाव जोडणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो. मोलगी-धडगावच्या प्रवाशांची खरी गाडी म्हणजे खचाखच भरलेली जीप आणि क्रूझर, ज्यात सीटची संख्या कागदावर असते आणि माणसांची संख्या गरजेवर. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. इथे दोन सीटच्या गाडीची गोष्ट सांगणं उर्मट नाही का?

उर्मट ठरलं असतं, जर हौस ही श्रीमंतांचीच मक्तेदारी असती. पण याच जिल्ह्यात हौसेचा असा एक बाजार भरतो, ज्याला कोणत्याही मोटार शोपेक्षा मोठी परंपरा आहे. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथून व्यापारी येतात. अलीकडे पर्यटन विभागाच्या आधाराने तो चेतक फेस्टिव्हल म्हणूनही ओळखला जातो.

घोडा घेणारा काय पाहतो? दात पाहून वय. कान, मान, छाती. अंगावरचे भोवरे, देवमण हा शुभ भोवरा आहे का, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का, पांढराशुभ्र नुकरा आहे का. मग लगाम धरून चालवून पाहतो आणि रेवाळ चालीत पाठीवर बसलेल्या माणसाच्या हातातलं पाणी सांडतं की नाही, इथपर्यंत पारख करतो. किमती लाखांत जातात. यांतला एकही प्रश्न ‘हा किती ओझं वाहील’ असा नसतो.

पण कधीकाळी हाच घोडा गरजेचा होता. सरदारांना, व्यापाऱ्यांना, पाटलांना, डाक नेणाऱ्यांना तो लागायचा. तो त्या काळाची सेडान होता. मोटार आली, रेल्वे आली, गरज दुसरीकडे गेली आणि घोडा मागे उरला तो निव्वळ चालीसाठी, रूपासाठी, मालकाच्या मिशीसाठी. गरज निघून गेल्यावर जे टिकतं ते हौस म्हणून टिकतं. गावातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. सारंगखेड्याने ते दर मार्गशीर्षात दाखवलं आहे.

पद्मिनीची पन्नाशी

आता पुन्हा पद्मिनीकडे पाहा. ती कधीच स्पोर्ट्स कार नव्हती. ती डॉक्टरांची, वकिलांची, अडत्यांची, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्यांची पाच माणसांची गाडी होती. १९५४ च्या सुमारास परदेशी कंपन्या आपली जुळवणी केंद्रं बंद करून गेल्या, आणि पुढची तीस वर्षं देशात मोजकीच मॉडेलं उरली. तेव्हा कौटुंबिक गाडी म्हणजे फियाट नाहीतर ॲम्बेसेडर. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि फियाटच्या पायाखालची वाळू सरकली. १९९८ साली होंडा सिटी आली. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. पुढे एमएच १८ च्या जागी एमएच ३९ च्या पाट्या आल्या. पद्मिनी तोवर वयात आलेली नव्हे, वयातून गेलेली होती. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, कारण टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते आणि तिची नोंद २००३ ची होती.

टॅक्सी म्हणून ती संपली आणि तिथेच तिची दुसरी कारकीर्द सुरू झाली. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत, लग्नातल्या फोटोंसाठी, हौशी तरुणांच्या गॅरेजात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, खासगी वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे कायद्यानेच तिच्यातली गरज काढून टाकली. सुरुवातीच्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी ओलांडली. सिसितालियाच्या घराण्यातली ही घरगुती लेक आता कायद्याच्या व्याख्येने तिच्या पंगतीला बसू शकते.

मग आजच्या डिझायरची पाळी येईल का? सेडानचं दिवसमान तसंही आखडत चाललं आहे. ग्राहक उंच बॉनेटच्या एसयूव्हीकडे वळला आहे. ज्या कुटुंबाला नातेवाइकांसह सप्तशृंगीला जायचं ते सात सीटच्या गाडीकडे वळलं आहे. आज शोरूममधून निघणारी डिझायर २०७५ च्या सुमारास पन्नास वर्षांची होईल. तेव्हा ती कुणी जपेल का, हा प्रेमाचा प्रश्न आहे. ती चालेल का, हा मात्र मिस्त्रीचा प्रश्न आहे, आणि तोच अवघड आहे.

एमजीए किंवा पद्मिनी बंद पडली की कारण हाताला लागतं. पॉइंट घासले, जेट तुंबला, पंपाचा पडदा फाटला, पाटा तुटला. शहादा किंवा नंदुरबारच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला लेथवाला बुश वळवून देतो, कुणी गॅस्केट कापून देतो, कुणी पाट्याला लोहाराकडून ताव देतो. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी गाडी चालते, कारण तिचं ज्ञान माणसांच्या हातात आहे. नव्या सेडानमध्ये इंधन, प्रज्वलन, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग सगळं नियंत्रण संगणकीय पेट्यांकडे आहे. त्या पेटीतली चिप बनवणारा कारखाना पन्नास वर्षांनी असेल याची हमी कोण देणार? चिप लेथवर वळत नाही आणि सॉफ्टवेअरला लोहार ताव देत नाही.

सारंगखेड्याचा घोडा हौस म्हणून टिकला, कारण त्याच्याभोवती माणसं टिकली. नालबंद, दाणा-वैरण पुरवणारे, पैदास करणारे, चाल शिकवणारे, भोवरे वाचणारे. त्यांतली एक कडी तुटली तर बाजार दहा वर्षांत मोडेल. जुन्या मोटारींचंही तसंच आहे. कोणती गाडी अभिजात ठरेल याचा निकाल कंपनीचा डिझायनर लावत नाही, दुरुस्त करणारा हात लावतो. सिसितालिया संग्रहालयात आहे म्हणून टिकली. पद्मिनी टिकली ती मिस्त्रींमुळे, आणि दोन्हींत ती जास्त जिवंत आहे.

म्हणून तुलनेचा निकाल द्यायचाच असेल तर असा. घरासाठी गाडी घ्यायची तर नवी सेडान घ्या, हिशेब तिच्याच बाजूने आहे आणि मुलांचा जीवही. पण गावात कुणी पोरगा आजोबांची फियाट खोलून बसला असेल तर त्याला ‘भंगारात घाल’ म्हणू नका. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या नंदुरबारच्या मुलांना एखादं जुनं कार्बोरेटर खोलायला द्या, आणि त्याच्या शेजारी आजच्या गाडीतली ईसीयू नावाची एखादी संगणकीय पेटीही द्या, म्हणजे पन्नास वर्षांनी डिझायरसाठीही कुणीतरी उरेल. गाड्या कारखान्यात बनतात, त्यांचं आयुष्य मात्र गॅरेजात ठरतं.